कुत्र्यांसाठी विषारी अन्नपदार्थ

माणसाला सहज पचणारे काही पदार्थ कुत्र्याच्या शरीरात विषासारखे काम करतात. कांदा-लसूण, द्राक्षे, चॉकलेट आणि साखरेऐवजी वापरले जाणारे झायलिटॉल हे त्यांतील प्रमुख होत.

महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात कांदा-लसणाचा धोका सर्वांत सहज नजरेआड होतो. त्यांतील गंधकयुक्त संयुगांमुळे तांबड्या पेशींतील हीमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरण होऊन पेशी फुटतात व रक्तक्षय होतो. दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेल्यास रक्तात बदल दिसू लागतात. लसूण त्याहून तीव्र असतो. शिजवल्याने किंवा वाळवल्याने हा दोष जात नाही, त्यामुळे उरलेल्या रश्श्यात भाकरी कुस्करून घालण्याची सवय दिसते तितकी निर्धोक नाही. हिरड्या फिकट पडणे, धाप लागणे, लघवी तांबूस होणे ही लक्षणे बहुधा काही दिवसांनी उमटतात आणि तोवर खाल्लेले अन्न विसरले गेलेले असते.

द्राक्षे, मनुका व बेदाणे यांमुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. एक कुत्रा मूठभर खाऊनही ठणठणीत राहतो, तर दुसऱ्याला थोडी द्राक्षेही बाधतात. हे कोडे बराच काळ सुटले नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी, क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरली जाणारी, टार्टारिक आम्लापासून बनणारी पूड) खाल्लेल्या कुत्र्यांतही असाच आजार आढळल्यावरून, टार्टारिक आम्ल हे संभाव्य कारण म्हणून पुढे मांडले. द्राक्षाच्या जातीनुसार व पिकण्यानुसार या आम्लाचे प्रमाण बदलते, हे त्या अनिश्चिततेशी जुळते. चिंचेतही हे आम्ल भरपूर असते आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांत मूत्रपिंडाचा विकार नोंदला गेला आहे. तेव्हा चिंचगुळाची आमटी कुत्र्याला न घातलेली बरी.

चॉकलेटमधील थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश निघते. निम्मे उरायलाच सुमारे साडेसतरा तास लागतात. दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमपासून उलट्या व अस्वस्थता, तर ६० मिलिग्रॅमच्या आसपास झटके संभवतात. दहा किलोच्या कुत्र्याला पहिल्या पातळीवर नेण्यास दुधाचे चॉकलेट सुमारे १०० ग्रॅम लागते. बेकिंगचे कडू चॉकलेट १५ ग्रॅमच पुरते.

साखरविरहित च्युइंगममधील झायलिटॉलमुळे इन्शुलिन एकदम स्रवते आणि रक्तशर्करा काही वेळा अर्ध्या तासातच घसरते. मात्रा मोठी असल्यास यकृतही निकामी होते. विषबाधेवर पशुवैद्य सहसा उलटी करवून सक्रिय कोळसा (पोटातील विष स्वतःला बांधून घेणारी कोळशाची पूड) देतात, परंतु झायलिटॉल त्या कोळशाला फारसे बांधले जात नाही, म्हणून तेथे शिरेतून ग्लुकोज देण्यावरच मुख्य भर असतो.