पुण्याचा मिळकतकर: ४० टक्के सवलतीचं भांडण आलं कुठून

पुण्यात मिळकतकराच्या बिलावरून लोक एवढे का चिडतात हे समजायचं तर १९७० पर्यंत मागं जावं लागतं. हा कर घराचं जे वार्षिक भाडं धरलं जातं त्यावर लागतो. त्या वर्षी महापालिकेने ठराव केला की मालक स्वतः घरात राहत असेल तर त्या भाड्यात ४० टक्के सवलत द्यायची आणि देखभाल-दुरुस्तीची वजावट १० ऐवजी १५ टक्के धरायची. राज्य सरकारची मान्यताही मिळाली. मग जवळपास पन्नास वर्षं हाच नियम होता, लोकांनी घरं घेतली, बजेट बसवलं ते याच हिशेबावर.

मधल्या काळात जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) २०१३ ला आला आणि दोन वर्षांत बहुतेक गेला, २०१७ ला जीएसटी. महापालिकेच्या स्वतःच्या हातात राहिलेलं मोठं उत्पन्न म्हणजे मिळकतकर, त्यामुळे सगळा जोर तिथेच.

त्यात लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की या सवलतीला कायद्यात आधार नाही आणि २०१८-१९ च्या सुमारास राज्य सरकारने तो जुना ठराव विखंडित (रद्द) केला. ज्यांनी मान्यता दिली त्यांनीच रद्द केला, आणि भुर्दंड मात्र राहणाऱ्यावर. नुसता आकडा बघा, वार्षिक भाडं एक लाख धरलं तर ४० टक्के सवलत आणि उरलेल्यावर १५ टक्के वजावट जाऊन कर लागायचा ५१ हजारांवर, सवलत गेल्यावर आणि वजावट १० टक्क्यांवर आल्यावर तोच ९० हजारांवर, म्हणजे दर एका पैशाने न वाढवता बिल पाऊणपट वाढलं. २०१९ पासून नव्या मिळकतींना सवलत मिळेना, जीआयएस सर्व्हेत (नकाशावर केलेल्या मिळकतींच्या पाहणीत) भाडेकरू आहे असं दाखवून अनेक जुन्या घरांचीही काढली, आणि वर मागच्या फरकाच्या नोटिसा.

ओरड इतकी झाली की २०२३ मध्ये सरकारने सवलत परत दिली. पण ज्यांची गेली होती त्यांना ती आपोआप नाही मिळाली! पीटी-३ नावाचा फॉर्म, २५ रुपये फी, सोसायटीचं पत्र, शिवाय मतदार ओळखपत्र, लायसन्स, गॅस कार्ड असला काहीतरी पुरावा. आपल्याच घरात आपणच राहतो हे सिद्ध करायला ज्येष्ठ नागरिक क्षेत्रीय कार्यालयात रांगा लावून उभे. जादा भरलेले पैसेही हातात नाही, पुढच्या बिलांतून वळते करणार. आणि वजावट मात्र १५ वरून १० वर आणली ती आणलीच, म्हणजे तो ५१ हजारांचा हिशेब आता ५४ हजार झालाय.

एवढं भरून मिळतं काय हा खरा राग आहे. पाणीपट्टी २०१६ पासून चोवीस तास पाण्याच्या नावाखाली दरवर्षी वाढवत नेली, तरी उपनगरांतल्या सोसायट्या बिलही भरतात आणि टँकरलाही पैसे मोजतात. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल तर दोन दशकंही झाली नसताना २०२० मध्ये पाडला, तिथे परत नवा बांधला. २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं हद्दीत घेतली, तिथे ग्रामपंचायतीच्या कित्येक पट बिलं आली पण रस्ते आणि ड्रेनेज मागं पडलं, मग त्यातली दोन गावं परत बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली.

आणि फॉर्म, नोटिसा, वसुली हे सगळं जोरात असताना मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत महापालिकेत नगरसेवकच नव्हते. बजेट सरकारने नेमलेल्या प्रशासकाने मांडायचं आणि प्रशासकानेच मंजूर करायचं, बिलाची तक्रार घेऊन जायला वॉर्डात कुणी निवडून दिलेला माणूस नव्हता.