नित्य प्रार्थना (ख्रिस्ती)

ठरलेल्या वेळी, बहुधा ठरलेल्या शब्दांत, एकट्याने किंवा मंडळीसह रोज करायची ख्रिस्ती प्रार्थना. रविवारची उपासना किंवा मिस्सा आणि अडीअडचणीला केलेला देवाचा धावा यांहून ती वेगळी आहे. धाव्याला संकट लागते, नित्य प्रार्थनेला वेळ झाली एवढेच निमित्त पुरते. संध्या, नमाज किंवा वारकऱ्यांचा हरिपाठ जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. मात्र सामान्य ख्रिस्ती माणसाने रोज किती वेळा आणि कोणत्या शब्दांत प्रार्थना करावी, याचा सर्व पंथांना लागू असा एक नियम नाही. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना आणि जेवणाआधीचे आभार ही बहुतेक घरांतली किमान रीत. त्यापलीकडे पंथ, घराणे आणि स्वभाव यांप्रमाणे फार फरक पडतो.

बायबलमधील आधार

या रीतीची मुळे यहुदी धर्मात आहेत. दानिएल दिवसातून तीनदा यरुशलेमेकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी गुडघे टेकून प्रार्थना करी (दानिएल 6:10). ‘दिवसातून सात वेळा मी तुझे स्तवन करतो’ असे 119 व्या स्तोत्रात म्हटले आहे. येशूचे पहिले शिष्य यहुदीच असल्यामुळे त्यांनी याच वेळा पुढे चालवल्या. पेत्र आणि योहान मंदिरात जातात ते ‘नवव्या तासाच्या’ म्हणजे दुपारी तीनच्या प्रार्थनेला, आणि पेत्र धाब्यावर प्रार्थनेला चढतो तो साधारण बाराच्या सुमारास (प्रेषितांची कृत्ये 3:1, 10:9). पहिल्या शतकाच्या अखेरच्या किंवा दुसऱ्याच्या आरंभीच्या ‘दिदाखे’ या छोट्या ग्रंथात, प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) दिवसातून तीनदा म्हणा, अशी स्पष्ट सूचना आहे. हा ग्रंथ शतकानुशतके हरवलेला होता. त्याची प्रत 1873 मध्ये सापडली.

येशूच्या शिकवणीत मात्र एक ताण आहे आणि तो पुढे कधीच पूर्ण सुटला नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात तो सांगतो की लोकांना दिसावे म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करू नका, खोलीत जाऊन दार लावून घ्या, आणि निरर्थक बडबड करू नका. हा इशारा देऊन दोन ओळी होतात न होतात तोच तो ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना शिकवतो, आणि तीच पुढे दोन हजार वर्षे जगभर दिवसातून अनेकदा म्हटली गेली. घोकंपट्टी कुठे सुरू होते आणि उपासना कुठे संपते, हा वाद त्यामुळे ख्रिस्ती घरातला जुना वाद आहे. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातल्या ‘निरंतर प्रार्थना करा’ (5:17) या तीन शब्दांनी त्यात भरच घातली. दिवसभर प्रार्थना करायची तर पोटापाण्याचे काय? पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेने यावर येशूच्या नावाचा जप हे उत्तर शोधले. एकच छोटे वाक्य गाठी मारलेल्या दोरीवर, श्वासाच्या लयीत, काम करता करता म्हणायचे. पश्चिमेने दिवसाचे तुकडे पाडले.

बेनेडिक्टची घडी

हे तुकडे पाडण्याचे काम सर्वांत नेटकेपणाने केले ते नूर्सियाच्या बेनेडिक्टने. सहाव्या शतकात त्याने मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत रात्रीची एक आणि दिवसाच्या सात प्रार्थना नेमून दिल्या. पहाटेची लॉड्स, मग प्राइम, तर्स, सेक्स्त, नोन, सूर्यास्ताची व्हेस्पर्स आणि झोपण्यापूर्वीची कम्प्लिन, अशी त्यांची पुढे रूढ झालेली नावे. बायबलमधली दीडशेच्या दीडशे स्तोत्रे आठवड्यात पुरी व्हायलाच हवीत, हा त्यातला कणा. माझी वाटणी पटत नसेल तर दुसरी करा, पण आठवड्यात दीडशे चुकवू नका, असे तो लिहितो. आपले पूर्वज हे एका दिवसात पुरे करत, आपण कोमट लोक आठवड्यात तरी करू या, असा टोलाही हाणतो.

ही नियमावली प्रार्थनेविषयी उदात्त बोलत बसत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. तिच्यात झोपाळू माणसांची चिंता जास्त आहे. रात्रीच्या प्रार्थनेच्या आरंभी म्हणायचे 95 वे स्तोत्र (जुन्या लॅटिन गणनेत 94 वे) मुद्दाम सावकाश, लांबवत म्हणावे, म्हणजे उशिरा येणाऱ्याला आत शिरायला सवड मिळते. उठताना भावांनी एकमेकांना हळूच हाक द्यावी, कारण झोपाळूंकडे सबबी फार. सगळा मठच उशिरा उठला तर वाचने आटोपती घ्यावीत. दूर शेतावर असलेल्याने धावत परत न येता जिथे आहे तिथेच गुडघे टेकावेत. कम्प्लिनची तीन स्तोत्रे (4, 91 आणि 134) रोज तीच असतात, त्यामुळे ती पाठ होतात आणि अंधारात पुस्तकावाचून म्हणता येतात.

त्यातल्या एका कलमात नित्य प्रार्थना कशासाठी, याचे उत्तर न मागता मिळते. सकाळी आणि संध्याकाळी प्रभूची प्रार्थना मठप्रमुखाने सर्वांना ऐकू जाईल अशी मोठ्याने म्हणावी, असे बेनेडिक्ट सांगतो. कारण एकत्र राहणाऱ्या माणसांत कुरबुरींचे काटे उगवतच असतात. ‘आम्ही क्षमा केली आहे तशी तू आम्हांस कर’ हे शब्द दिवसातून दोनदा कानांवर पडले की ज्याच्याशी बोलणे टाकले आहे तो शेजारीच उभा असल्याची आठवण होते. एकदाच, मनापासून केलेल्या प्रार्थनेला हे काम जमत नाही. ते वारंवारतेचे काम आहे.

पुस्तकाची गुंतागुंत

मठाबाहेरच्या धर्मगुरूंसाठी हा सगळा ऐवज एका ग्रंथात बसवला गेला, तो ब्रेव्हिअरी. ऋतू, वार, संतांचे सण असे पदर एकमेकांवर येत गेल्यामुळे तो वापरणे हीच एक विद्या होऊन बसली. आजही या पुस्तकाला रंगीबेरंगी फितींच्या चार-सहा खुणा असतात आणि एका सायंप्रार्थनेत बोटे तीन-चार ठिकाणी फिरतात. 1549 साली निघालेल्या इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनाग्रंथाची प्रस्तावना तक्रार करते की, काय वाचायचे ते शोधण्यातच पुष्कळदा वाचण्यापेक्षा जास्त खटपट पडे. कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस क्रॅनमर याच्या या ग्रंथाने आठ वेळांच्या जागी सकाळ आणि संध्याकाळ अशा दोनच ठेवल्या, त्या लोकांच्या भाषेत आणल्या आणि स्तोत्रांना आठवड्याऐवजी महिना दिला.

कॅथलिक चर्चला असाच हात फिरवायला आणखी चारशे वर्षे लागली. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये प्राइम रद्द केली आणि स्तोत्रे एका आठवड्यात संपवण्याची अट सैल केली. त्यानंतर 1971 पासून निघालेल्या नव्या ग्रंथात ती चार आठवड्यांवर पसरली. धर्मगुरूंना ही प्रार्थना आजही बंधनकारक आहे. सामान्य माणसाला ती नाही, पण तिचे दार उघडे आहे.

ल्यूथर आणि न्हावी

प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचा जर्मन प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने या बंधनाचा जाच स्वतः सोसला होता. मठात असताना अध्यापनाच्या व्यापात राहिलेल्या प्रार्थना तो साठवून ठेवी आणि शनिवारी स्वतःला कोंडून घेऊन, अन्नपाण्यावाचून, थकबाकी फेडत बसे. शेवटी डोके फिरायची वेळ आली, असे तो नंतर गप्पांत सांगे. एवढे भोगून माणूस नियमच मोडीत काढील, असे वाटते. त्याने तसे केले नाही. 1529 च्या लहान प्रश्नोत्तरीत (धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेत) त्याने सकाळी उठल्यावर आणि रात्री निजताना म्हणायच्या दोन छोट्या प्रार्थना घातल्या, आणि त्या म्हणून झाल्यावर आनंदाने कामाला लागा, रात्री लगेच झोपी जा, असे सांगितले.

त्याचा न्हावी पीटर याने ‘प्रार्थना कशी करू?’ असे विचारले, तेव्हा 1535 मध्ये ल्यूथरने त्याला एक पुस्तिकाच लिहून दिली. तिच्यातला दाखला न्हाव्याच्याच धंद्यातला आहे. वस्तरा चालवताना चांगल्या न्हाव्याचे डोळे आणि मन केसांवरच हवे. तो गप्पा मारत इकडेतिकडे पाहू लागला तर गिऱ्हाइकाचे नाक कापेल, नाहीतर गळा. प्रार्थनेचेही तसेच. आणि ‘थांब, तासाभराने करतो, आधी हे काम उरकतो’ या विचारापासून सावध राहा, कारण मग कामामागून काम येते आणि दिवस जातो. पाचशे वर्षांत या वाक्यातले काहीही शिळे झालेले नाही.

प्रॉटेस्टंट पंथांत पुढे छापील शब्दांपेक्षा उत्स्फूर्त प्रार्थनेला मान मिळाला. रोजचे बायबल-वाचन, कुटुंबाची एकत्र प्रार्थना आणि पहाटेचा एकांत हे तिथले नित्यनेम. तरी अनेक वर्षे उत्स्फूर्त प्रार्थना करणाऱ्या वडीलधाऱ्यांची वाक्येही हळूहळू ठरून जातात, हे अशा घरांत वाढलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही.

कोरडेपणा

रोज प्रार्थना करणाऱ्याला बहुतेक दिवस काहीही वाटत नाही, ही गोष्ट प्रचाराच्या पुस्तकांत कमी आणि संतांच्या लेखनात जास्त सापडते. आविलाची तेरेसा (1515–1582) ही प्रार्थनेवर अधिकाराने लिहिणारी कार्मेलाइट संन्यासिनी. आपल्या आत्मचरित्रात ती कबूल करते की कित्येक वर्षे प्रार्थनेला बसल्यावर तिचे लक्ष देवापेक्षा घड्याळाचा टोल कधी पडतो याकडेच असे. ती बसत राहिली एवढेच. कोलकात्याच्या मदर तेरेसांची खासगी पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर, 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. कारण देव जवळ असल्याचा अनुभव त्यांना काही दशके जवळजवळ नव्हताच. त्या काळातही त्यांच्या संस्थेतला प्रार्थनेचा रोजचा क्रम सुटला नव्हता, उलट 1973 पासून त्यात रोज एका तासाच्या आराधनेची भर पडली. श्रद्धा नसलेला वाचक याला हट्ट म्हणेल. ख्रिस्ती परंपरा याला निष्ठा म्हणते आणि भावनेच्या उमाळ्यापेक्षा वरची जागा देते. नियमितपणाच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद हाच आहे: शब्द उसने आणि वेळ ठरलेली असली की मन रिते असतानाही प्रार्थना चालू राहू शकते.

जपमाळ आणि घंटा

ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी दीडशे स्तोत्रांच्या जागी दीडशे ‘नमो मारिया’ (येशूची आई मारिया हिला उद्देशून म्हणायची छोटी प्रार्थना) आल्या आणि त्यातून जपमाळ किंवा रोझरी घडली, असे मानले जाते. रोज त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच दशक म्हणायचे आणि त्या त्या वाराप्रमाणे येशू आणि मारियेच्या आयुष्यातील प्रसंग डोळ्यांपुढे आणायचे. सोमवारी आनंदाचे, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाचे, असा क्रम असतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2002 मध्ये गुरुवारसाठी ‘प्रकाशाचे’ पाच प्रसंग वाढवले. त्यामुळे दीडशेचा जुना हिशेब मोडला, पण त्याची खंत कुणी फारशी केली नाही.

एंजेलस ही प्रार्थना सकाळ, दुपार आणि संध्याकाळच्या घंटेला बांधलेली आहे. कोंकणीत तिला आमोरी म्हणतात. गोव्याच्या गावात संध्याकाळची घंटा झाली की रस्त्यावरचे जुने माणूस अजूनही थांबते. घरी तेर्स (रोझरी) संपले की मुले थोरांपुढे एकेक करून ‘बेसांव’ म्हणजे आशीर्वाद मागतात. या भागात रोजच्या प्रार्थनेला लोकभाषा मिळाली ती बऱ्याच आधी. इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांची कोंकणी प्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर 1622 मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापली गेली.

महाराष्ट्रात

मराठी प्रॉटेस्टंटांच्या नित्य प्रार्थनेला सूर दिला तो रेव्हरंड ना. वा. टिळक (1861–1919) यांनी. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन हे आपले घरचेच धन चर्चमध्ये नेले. त्याआधी मराठी मंडळी बहुतांशी इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेली गीते गात असत. अहमदनगर (आता अहिल्यानगर) परिसरातल्या खेड्यांत टाळ-पेटीवर चाललेले ख्रिस्ती भजन दुरून ऐकले, तर ‘प्रभू येशू’ हे शब्द कानी पडेपर्यंत फरक कळत नाही. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी 1905 च्या आरंभी मुली-बायकांचे रोज प्रार्थना करणारे गट उभे केले. त्याच वर्षी जूनअखेर तिथे जी मोठी धार्मिक जागृती झाली तिचे श्रेय रमाबाई या प्रार्थनेलाच देत.

वसई आणि मुंबईच्या गावठाणांतल्या कॅथलिकांमध्ये घराघरांतली संध्याकाळची रोझरी हीच नित्य प्रार्थना. मुंबईच्या गावठाणांत 1896 च्या प्लेगच्या काळात रोगापासून रक्षण व्हावे म्हणून क्रूस उभारले गेले. त्यांतले कित्येक आज इमारतींच्या कुंपणाला टेकून उभे आहेत, आणि मे महिन्यात संध्याकाळी त्यांच्यापुढे खुर्च्या मांडून रोझरी होते. ऑक्टोबरात काही ठिकाणी मारियेची मूर्ती रोज एका घरातून दुसऱ्या घरात जाते.

घरातली रोझरी साधारण वीस मिनिटांची. टीव्हीचा आवाज बंद होतो, समईऐवजी मेणबत्ती किंवा लाल विजेचा दिवा, आणि भिंतीवरच्या वेदीपुढे जो तो आपली जागा धरतो. ‘नमो मारिया’चा पूर्वार्ध एकाने म्हणायचा, ‘पवित्र मारिये’पासून पुढचा इतरांनी, दर दशकाला म्हणणारा बदलतो. धाकट्याचे मणी मोजताना चुकतात आणि दहाची अकरा होते, आजी डोळे न उघडता बोटाने खूण करते. कुकरची शिट्टी झाली की आई बसल्या जागेवरून उठते, पण तिच्या वाट्याची ओळ स्वयंपाकघरातून ऐकू येत राहते. पाच दशक झाले की नावे सुरू होतात: परीक्षेला बसलेला, आखातात गेलेला, इस्पितळात असलेली, आणि मग वारलेल्यांची. ही यादी दर वर्षी थोडी लांबते. तिच्यातले एकही नाव गळू नये म्हणून आजीला ती रोज म्हणायची असते.