सव्वादोन तोळ्यांची गोळी

टेक्सासमधली रानडुकरं एका रात्रीत शेत नांगरल्यासारखं उकरून ठेवतात. त्यांच्या शिकारीसाठी काहीजण अजूनही एक जुनाट काडतूस वापरतात, ‘फॉर्टीफाइव्ह-सेव्हन्टी’. अमेरिकी लष्करानं ते १८७३ साली स्वीकारलं. ४५ म्हणजे गोळीचा व्यास साधारण किती शतांश इंच, ७० म्हणजे आतली काळी दारू किती ग्रेन; ग्रेन हे वजनाचं बारीक माप. मूळ गोळी ४०५ ग्रेनची. आपला जुना तोळा १८० ग्रेनचा. म्हणजे सव्वादोन तोळे शिसं!

ही गोळी सुटते सेकंदाला सुमारे ४१० मीटर वेगानं. ‘टू-टू-थ्री’ या बारीक, वेगवान काडतुसाची साडेतीन ग्रॅमची गोळी हजाराच्या आसपास पळते. दोघींच्या ऊर्जेत फार अंतर नाही, पण संवेग जड गोळीचा तिप्पट. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट, कूर्चेसारखा जाड थर असतो. नाजूक, वेगवान गोळी तिथंच फुटून विखरू शकते. जड गोळी आत शिरत राहते.

मग सर्वांत दणकट गोळी घ्यावी? इथंच गफलत होते. १९५६ मध्ये आलेल्या ‘फोर-फिफ्टीएट विंचेस्टर मॅग्नम’ची गोळीही नेमकी याच व्यासाची, पण ती हत्ती-गव्यांसाठी. तिचं जाड कवच सेकंदाला सहाशेहून अधिक मीटरच्या धडकेला उमलावं, म्हणजे पसरून रुंद व्हावं, असं बेतलेलं असतं. आपल्या संथ काडतुसात ती न उमलता आरपार निघून जाईल. गोळी नळीत बसली म्हणजे जमली असं नाही. तिचा वेगही जुळावा लागतो.

खरं तर इतक्या जाड गोळीनं उमललंच पाहिजे असंही नाही. साडेसात मिलिमीटरची गोळी उमलून जेवढी होते, तेवढी ही मुळातच रुंद, साडेअकरा मिलिमीटर. म्हणून कठीण शिशाची, चपट्या नाकाची ओतीव गोळी मला इथं सर्वांत शहाणपणाची वाटते. चपट्या नाकाला आणखी एक कारण आहे. लिव्हर रायफलीत, म्हणजे घोड्याजवळची कडी खालीवर करून भरायच्या रायफलीत, काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडावर आपटली, तर बार त्या नळीतच उडायचा!

कॅलिफोर्नियात मात्र शिसं चालत नाही. शिकारीचे अवशेष खाऊन काँडोर गिधाडांना विषबाधा होत होती. १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद. उरलं तांबं. ते शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि काडतुसातली दारूची जागा खाते. शिवाय तांबं सहज उमलत नाही, म्हणून नाकात मोठी पोकळी ठेवतात आणि वजन उतरवून वेग वाढवतात. सव्वादोन तोळ्यांची गोळी मग दीड तोळ्यावर येते.