कॅप्टन-कोच (ऑस्ट्रेलियन कंट्री फुटबॉल)

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये संघाचे कप्तानपद आणि प्रशिक्षकपद एकाच खेळाडूकडे देण्याची पद्धत. मेलबर्नच्या मोठ्या लीगमध्येही ती होती, पण तिला खरा बहर आला तो व्हिक्टोरिया राज्यातल्या आणि मरे नदीपलीकडच्या न्यू साउथ वेल्समधल्या गावोगावच्या क्लबांत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत शहरातले नावाजलेले खेळाडू उमेदीच्या वयात मेलबर्न सोडून गहू, लोकर नाहीतर तंबाखूवर जगणाऱ्या एखाद्या गावात जात, तिथल्या क्लबचे नेतृत्व करत आणि शनिवारी स्वतःही मैदानात उतरत. बाहेरून पाहणाऱ्याला ही उतरती कळा वाटते. तशी ती बहुतेकदा नव्हती.

याचे मूळ पैशात आहे. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगने (आजच्या राष्ट्रीय लीगची पूर्वज) १९३० मध्ये मंदीच्या तोंडावर ‘कोल्टर कायदा’ आणला. मेलबर्न क्लबचे प्रतिनिधी गॉर्डन कोल्टर यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम एका सामन्यासाठी खेळाडूला तीन पौंडांहून अधिक देऊ नये, असे सांगत होता. पुढे रक्कम थोडीफार वाढली, पण मर्यादा कायम राहिली आणि ती दिग्गजाला व नवख्याला सारखीच लागू होती. टेबलाखालून पैसे दिले जातच. ऑल्बरीकडून आलेले हेडन बन्टन यांना तर फिट्झरॉय क्लबने दिलेल्या अशाच बेकायदा देकारामुळे १९३० चा मोसम लीगबाहेर काढावा लागला. नंतर त्याच बन्टन यांनी लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक तीनदा मिळवले. गावाकडच्या क्लबांना मात्र ही मर्यादा बांधून ठेवत नव्हती. वर्गणी, दुकानदारांची मदत, जत्रा-जेवणावळी आणि मैदानाच्या फाटकावरची तिकिटे यांतून ते प्रशिक्षकाला शहरापेक्षा कितीतरी जास्त देऊ शकत. शिवाय नोकरी, राहायला घर किंवा धंद्यासाठी भांडवल मिळे. अडथळा होता तो ‘क्लिअरन्स’चा. जुन्या क्लबने लेखी मोकळीक दिल्याशिवाय खेळाडूला हलता येत नसे, आणि चांगला खेळाडू सुखासुखी कोण सोडणार?

भारतीय वाचकाला यावरून इंग्लंडमधली क्रिकेटची लँकेशायर लीग आठवेल. तिथे विनू मांकड हॅस्लिंग्डनकडून आणि मुंबईचे सुभाष गुप्ते रिश्टनकडून व्यावसायिक म्हणून खेळले. फरक इतकाच की लँकेशायरमधल्या व्यावसायिकाने धावा काढाव्या, बळी घ्यावे, एवढीच मुख्य अपेक्षा असे. ऑस्ट्रेलियातल्या गावाने मात्र आपला सगळा क्लबच पाहुण्याच्या हाती दिलेला असे.

या पद्धतीचा सर्वांत देखणा नमुना वँगरॅटा या गावात दिसतो. मेलबर्नच्या ईशान्येला ओव्हन्स आणि किंग या नद्यांच्या संगमावर वसलेले हे गाव ओव्हन्स अँड मरे लीगमध्ये खेळते. १८९३ मध्ये सुरू झालेली ही लीग राज्यातल्या सर्वांत जुन्या आणि कडव्या ग्रामीण लीगांपैकी एक आहे. गावात क्लब दोन. जुना वँगरॅटा, टोपणनाव मॅगपाइज, आणि १९५० मध्ये या लीगमध्ये आलेला वँगरॅटा रोव्हर्स. मॅगपाइजनी मेलबर्नमधल्या कॉलिंगवूड क्लबचे मॅक होल्टन यांना आणले आणि त्यांच्या हाताखाली १९४९ ते १९५२ अशी सलग चार विजेतेपदे जिंकली. गावाने होल्टन यांना असे काही आपलेसे केले, की १९५८ मध्ये त्यांनी त्याच भागातल्या इंडाय मतदारसंघातून निवडणूक जिंकून थेट संघराज्याची संसद गाठली. जवळजवळ दोन दशके ते खासदार होते, पुढे मंत्रीही झाले. प्रशिक्षकाची गावातली पत काय असे, हे सांगायला दुसरा पुरावा नको.

शेजारच्या क्लबचा हा थाट पाहणाऱ्या रोव्हर्सनीही मग कॉलिंगवूडचेच दार ठोठावले. १९५५ च्या मोसमानंतर त्यांनी बॉब रोज यांना आणले. रोज हे मॅली भागातल्या नाया वेस्टचे, १९२८ चा जन्म. कॉलिंगवूडसाठी १५२ सामने आणि २१४ गोल, क्लबच्या सर्वोत्तम खेळाडूची कोपलंड ट्रॉफी चारदा, १९५३ च्या विजेत्या संघात स्थान. बांधा मोठा नव्हता, पण तारुण्यात मुष्टियुद्ध खेळलेला हा माणूस चेंडूसाठी कुणाच्याही अंगावर जाई. वय अवघे सत्तावीस, म्हणजे खेळाडूची ऐन बहराची वर्षे. कॉलिंगवूडच्या पाठीराख्यांना हे जाणे फार लागले. रोज यांनी वँगरॅटात खेळाच्या साहित्याचे दुकान थाटले आणि १९६२ पर्यंत रोव्हर्सची धुरा वाहिली. तोवर या लीगमध्ये विजेतेपद न पाहिलेल्या क्लबने १९५८ आणि १९६० मध्ये ते मिळवले. लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचे मॉरिस पदक रोज यांनी स्वतः दोनदा पटकावले.

मैदानावर हे काम किती अवघड होते, हे खेळाचे स्वरूप लक्षात घेतल्याशिवाय कळत नाही. लंबगोल मैदान, प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू, मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला की सहा गुण आणि बाजूच्या खांबांतून गेला तर एक. खेळ चार भागांत चालतो. आजचा प्रशिक्षक काचेच्या खोलीतून सगळे मैदान पाहतो आणि फोनवरून सूचना देतो. कॅप्टन-कोचला सामना दिसे तो चिखलातून, तोही धापा टाकत. बदली खेळाडू दोनच असत, त्यामुळे चुकलेली निवड सुधारायला फारसा वाव नसे. विरोधी संघाची पहिली युक्ती ठरलेलीच असे: कोचला आडवा करा, संघ आपोआप बसेल. आठवड्यात दोन संध्याकाळी सराव. त्याला येणारे कुणी दूध काढून आलेले, कुणी गिरणीतली पाळी संपवून. गुरुवारी रात्री निवड समिती बसे आणि ज्याला वगळायचे, त्याच्याच वडिलांच्या दुकानातून शुक्रवारी सामान घ्यावे लागे. माणसे सांभाळण्याचे हे शिक्षण मेलबर्नमध्ये मिळणे कठीण होते, आणि गावाकडे गेलेल्यांनी मिळवलेली खरी शिदोरी, माझ्या मते, हीच.

त्या काळात या एका लीगमध्येच किती नामवंत जमले होते ते पाहण्याजोगे आहे. कॉलिंगवूडचे विंगमन (मैदानाच्या कडेने खेळणारे) डेस हीली १९५५ च्या ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, मेलबर्न क्लबच्या फ्रँक अॅडम्सशी झालेल्या भीषण टकरीत बेशुद्ध पडले. मेलबर्नमधला तो त्यांचा शेवटचा सामना. त्यानंतर त्यांनी वोडोंगाची सूत्रे घेतली आणि जुने सोबती रोज यांच्यासमोर प्रतिस्पर्धी म्हणून उभे राहिले. फिट्झरॉयचे बिल स्टीफन यारावोंगाला गेले आणि १९५९ चे विजेतेपद त्या गावाला मिळाले. रिचमंडचे कप्तान रॉन ब्रँटन मर्टलफर्डला गेले, तर कॉलिंगवूडचे मरे वाइडमन १९६४ पासून ऑल्बरीला.

केन बॉइड यांची गोष्ट जरा निराळी. साउथ मेलबर्नचा हा धिप्पाड खेळाडू मारामारीसाठी कुप्रसिद्ध होता. कार्लटनच्या जॉन निकल्स यांना आपण ठोसा मारला, असे त्यांनी वर्तमानपत्रातून उघड कबूल केले आणि बंदी ओढवून घेतली. मेलबर्नला नकोसा झालेला हाच माणूस रोज यांच्यानंतर रोव्हर्सचा प्रशिक्षक झाला आणि क्लबने १९६४ व १९६५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे जिंकली.

रोज १९६४ मध्ये फॉन्स काइन यांच्या जागी कॉलिंगवूडचे प्रशिक्षक म्हणून परतले. गावातल्या सात मोसमांनी घडवलेला प्रशिक्षक मोठ्या लीगमध्ये कमी पडला नाही, दैव मात्र आडवे आले. १९६४ ची ग्रँड फायनल चार गुणांनी गेली, १९६६ ची सेंट किल्डाविरुद्ध फक्त एका गुणाने. १९७० मध्ये १,२१,६९६ प्रेक्षकांसमोर मध्यंतराला ४४ गुणांची आघाडी असतानाही कार्लटनने दहा गुणांनी हरवले. तीन हरलेल्या अंतिम सामन्यांवरून त्यांना ‘अपयशी’ म्हणणारे होते आणि आहेत. संघाला तीनदा तिथवर नेणे हे अपयश कसे, हे त्यांनी सांगावे. नंतर रोज यांनी फुट्सक्रे आणि पुन्हा एकदा कॉलिंगवूड सांभाळले. २००३ मध्ये त्यांचे निधन झाले. खेळाडूंची संघटना दरवर्षी सर्वांत धाडसी खेळाडूला देते तो पुरस्कार त्यांच्या नावाचा आहे.

मोठ्या लीगमधली ही पद्धत सत्तरच्या दशकात विरळ होत गेली. कप्तान आणि प्रशिक्षक असे दोन्ही असताना विजेतेपद मिळवणारे शेवटचे खेळाडू म्हणजे १९७९ मधले कार्लटनचे अॅलेक्स जेसॉलेंको. शहरातले मानधन वाढले, खेळ पूर्णवेळ झाला, तसे सत्ताविसाव्या वर्षी गाव गाठण्याचे कारणच उरले नाही. गावाकडे मात्र ‘प्लेइंग-कोच’ अजून दिसतो, फक्त वय बदलले आहे. आता येतो तो बहुधा तिशी ओलांडलेला, मोठ्या लीगमधून निवृत्त झालेला किंवा तिथे जेमतेम काही सामने मिळालेला खेळाडू. श्रीमंत क्लबांनी असे खेळाडू गोळा करून छोट्या गावांना भरडू नये, म्हणून व्हिक्टोरियात २०१६ पासून गुणपद्धत लागू झाली. प्रत्येक खेळाडूला त्याच्या पूर्वकारकिर्दीनुसार गुण दिले जातात. घरच्या क्लबमध्ये वाढलेल्याला सर्वांत कमी, राष्ट्रीय लीग खेळून आलेल्याला जास्त, आणि संघाच्या एकूण गुणांना मर्यादा असते. पाठोपाठ मानधनावरही कमाल मर्यादा आली. म्हणजे १९३० मध्ये शहराने स्वतःवर घातलेले बंधन आता गावांवर आले आहे.