हिरव्या नावाचं पिवळं इंजिन

इंग्लंडमध्ये यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियममध्ये ‘बॉक्सहिल’ नावाचं एक बुटकं इंजिन उभं आहे. १८८० सालचं, सहा चाकांचं, वजनाने तीस टनांच्या आतलं. लंडनच्या उपनगरी गाड्या ओढण्यासाठी अशी पन्नास इंजिनं बांधली गेली. त्यांच्या भुंकल्यासारख्या आवाजावरून लोकांनी त्यांना ‘टेरियर’ म्हणायला सुरुवात केली. बॉक्सहिलचा रंग मातकट सोनेरी पिवळा आहे. कडेने गडद ऑलिव्ह पट्टी, तिला लागून काळ्या, लाल, पांढऱ्या बारीक रेघा, खालची चौकट किरमिजी, धुराड्याला तांब्याची टोपी. या झगमगाटातल्या मुख्य पिवळ्या रंगाचं कंपनीतलं अधिकृत नाव मात्र ‘इम्प्रूव्ह्ड इंजिन ग्रीन’, म्हणजे सुधारलेला हिरवा!

हे नाव विल्यम स्ट्राउडली या इंजिनिअरच्या खाती जमा आहे. १८७० मध्ये तो ब्रायटनच्या रेल्वे कारखान्याचा प्रमुख झाला. प्रत्येक इंजिनाला ठरलेला ड्रायव्हर द्यायचा आणि त्याचं नाव आत केबिनमध्ये सोनेरी अक्षरांत रंगवायचं, ही त्याचीच पद्धत. इंजिनावर असा जीव लावणाऱ्या माणसाला पिवळा आणि हिरवा कळू नये? त्यावरून तो रंगांध होता, अशी आख्यायिका निघाली. ती अगदीच हवेतली नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे ८ टक्के लोकांना लाल-हिरव्यातला फरक कमी-अधिक प्रमाणात कळत नाही. तरीही मला हा तर्क पटत नाही. त्याच कारखान्यात मालगाडीची इंजिनं खरोखरीच गडद हिरवी रंगवली जात होती. म्हणजे दोन रंग वेगळे आहेत हे तिथे पुरतं माहीत होतं. शिवाय ब्रायटनला येण्याआधी स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसला असतानाही त्याने इंजिनं पिवळी रंगवली होती. मला वाटतं, हिरव्या इंजिनांची सवय असलेल्या संचालकांच्या गळी नवा रंग उतरवताना जुनं नाव सोयीचं पडलं असावं.

त्या काळचे फोटो काढून बघावं, तर गोंधळ आणखी वाढतो. फोटोत हे सोनेरी इंजिन चक्क काळपट दिसतं. याचं कारण तेव्हा फिल्मच्या जागी वापरल्या जाणाऱ्या काचेवरची चांदीची संयुगं. त्यांना फक्त निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश कळायचा. पिवळी वस्तू निळा प्रकाश जवळजवळ परत पाठवतच नाही, म्हणून ती काळी उमटायची. निळं आकाश मात्र पांढरंफटक. १८७३ मध्ये हेरमान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या थरात रंगद्रव्य मिसळून तिला हिरवा प्रकाश ओळखायला लावला. लाल रंगही ओळखणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ उजाडलं, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं स्वस्तातलं जुनं तंत्र चालू राहिलं. आपल्याकडच्या जुन्या फोटोंत पणजीच्या कपाळावरचं कुंकू काळ्या टिकलीसारखं दिसतं, ते यामुळेच.

इंजिन बांधणाऱ्या कारखान्यांनी यावर एक तोडगा काढला होता. नव्या प्रकारचं पहिलं इंजिन तयार झालं की त्याला आधी चकाकी नसलेला करडा रंग द्यायचा आणि रेघा काळ्या-पांढऱ्या ओढायच्या. मग इंजिन बाहेर उजेडात आणून अधिकृत फोटो काढायचा. करड्या रंगावर सावल्या मऊ पडतात, प्रत्येक रिव्हेट आणि नळी वेगळी दिसते, आणि तकतकीत रंगात उमटणारं आकाशाचं प्रतिबिंबही आड येत नाही. कधीकधी तर कॅमेऱ्याकडची एकच बाजू करडी असायची! फोटो झाला की तो रंग झाकून खरा रंग चढायचा. त्यामुळे परदेशी कारखान्याच्या जुन्या फोटोवरून ‘जीआयपी’चं, म्हणजे आपल्या जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं, अमुक इंजिन राखाडी होतं, असं छातीठोकपणे कुणी सांगितलं तर जरा थांबावं. अपवाद आहेतच. नायजेल ग्रेस्ली या ब्रिटिश इंजिनिअरचं १९२९ चं १०००० क्रमांकाचं इंजिन प्रत्यक्षातही युद्धनौकेसारखं करडं होतं. जहाजाच्या धर्तीवरचा, पाण्याच्या नळ्यांचा, दर चौरस इंचाला ४५० पौंड दाबाचा बॉयलर त्यात बसवला होता. काम इतकं गुपचूप चाललं की त्याचं नावच ‘हश-हश’ पडलं.

एरवी इंजिनाचा रंग ठरायचा तो मळ आणि खर्च बघून. वाफेच्या इंजिनांना काळा किंवा हिरवा रंग का, याचं उत्तर तिथेच आहे. काजळीवर काळा रंग खपून जातो. इंग्लंडमधला प्रसिद्ध ब्रन्सविक ग्रीन हा प्रशियन ब्लू आणि क्रोम यलो यांच्या मिश्रणातून व्हायचा. दोन्ही द्रव्यं सहज मिळणारी, आणि थोड्या रंगात बराच पत्रा झाकणारी. मालडबे गेरूच्या रंगाचे असायचे, कारण गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड, स्वस्त आणि टिकाऊ. वर ब्रेकच्या लोखंडी ठोकळ्यांची भुकटी उडून गंजली, तरी ती याच रंगात मिसळून जाते.

हे विसरलं की फजिती ठरलेली. १९६१ च्या अखेरीस स्विंडनच्या कारखान्यातून ‘वेस्टर्न एंटरप्राइज’ हे डिझेल इंजिन वाळवंटी वाळूच्या रंगात बाहेर पडलं. पुढच्या वर्षी ‘लायन’ नावाचं प्रायोगिक इंजिन आलं, ते तर शुभ्र पांढरं, वर सोनेरी रेघा. दिसायला देखणं, पण कोळसा अजून जळत असलेल्या स्टेशनांत आणि शेडमध्ये पांढरं इंजिन पांढरं ठेवणार कोण? ‘वेस्टर्न एंटरप्राइज’च्या ‘वेस्टर्न चॅम्पियन’ या भावंडाला सोनेरी ओकर लावून पाहिला, तो साधारण स्ट्राउडलीच्याच पिवळ्याच्या जवळचा. तोही बाकीच्या इंजिनांवर चढला नाही.

पिवळा परत आला तो वेगळ्या वाटेने, इंजिनाच्या तोंडावर. डिझेल आणि विजेची इंजिनं वाफेच्या मानाने गुपचूप येतात, आणि गडद हिरवं इंजिन झाडीच्या पार्श्वभूमीवर चटकन नजरेत भरत नाही. रुळांवर काम करणाऱ्या गँगमनच्या जिवाला त्यात धोका. म्हणून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश इंजिनांच्या तोंडावर पिवळा चौकोन आला, आणि दशक संपता संपता सगळं तोंडच पिवळं करायची पद्धत पडली. लाल का नाही? भर उजेडात आपला डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, हिरवट पिवळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो. अंधारू लागलं की हा बिंदू निळ्याकडे, ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सरकतो आणि लाल रंग सगळ्यांत आधी विझतो. दिवेलागणीला जास्वंदीचं फूल काळं पडतं आणि पानं अजून दिसत असतात, ते यामुळेच. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं, म्हणून याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. पुढे इंजिनांचे दिवे इतके प्रखर झाले की २०१६ मध्ये ब्रिटनने पिवळ्या तोंडाची सक्ती सैल केली.

अमेरिकेतला एक विचित्र रंग मात्र शुद्ध घाईचा. १९८० च्या दशकात सदर्न पॅसिफिक आणि सांता फे या दोन रेल्वे कंपन्यांचं विलीनीकरण ठरलं. सरकारी मंजुरी यायच्या आत शेकडो इंजिनं लाल-पिवळी रंगवून झाली. बाजूला अर्धीच अक्षरं, उरलेली नंतर लिहायला जागा सोडलेली. १९८६ मध्ये मंजुरी नाकारली गेली. कोडॅकच्या फिल्मच्या डबीसारख्या दिसणाऱ्या या रंगाला लोकांनी ‘कोडाक्रोम’ नाव दिलं, आणि दोन्ही नावं जोडून होणाऱ्या एसपीएसएफ या अक्षरांचा अर्थ ‘शुडन्ट पेंट सो फास्ट’, म्हणजे ‘इतक्या घाईने रंगवू नये’, असा लावला.

इंजिनांच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्या मॉडेलवाल्यांची पंचाईत याहून बारीक. समजा, खऱ्या इंजिनाच्या डब्यातला उरलेला मूळ रंग मिळाला आणि तोच १:८७ मापाच्या, म्हणजे खऱ्याहून ८७ पट लहान मॉडेलला लावला. तरी मॉडेल काळवंडलेलं दिसतं. नेहमीचं स्पष्टीकरण असं, की साठ सेंटीमीटरवरून पाहिलेलं मॉडेल म्हणजे सुमारे ५२ मीटरवरून पाहिलेलं खरं इंजिन. दूरच्या वस्तू हवेमुळे फिकट दिसतात, म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळावा. सल्ला उपयोगी पडतो, पण कारण कच्चं आहे. वीस किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसत असेल, तर पन्नास मीटरची हवा जेमतेम एक टक्का कॉन्ट्रास्ट खाते. डोळ्याला तो कळणारही नाही. खरा फरक उजेडाचा आहे. दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो, घरातल्या खोलीत दोन-तीनशे. प्रकाश घटला की तोच रंग मेंदूला कमी रंगीत वाटतो. ब्रिटिश रंगशास्त्रज्ञ रॉबर्ट हंट यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. त्यामुळे रंगात पांढरा ओतण्याआधी मांडणीवरचे दिवे वाढवून बघावेत, असं माझं मत. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. तिथे गेलात तर एखादं इंजिन दिव्याखाली येतं तेव्हा आणि सावलीत जातं तेव्हा, असं दोनदा नीट पाहा.

तकाकीचंही तेच. रंगाची चमक मापानुसार लहान करता येत नाही, म्हणून तकतकीत मॉडेल लगेच खेळणं वाटतं. आणि दिव्यांची जात बदलली की जुळवलेले रंग फसतात. शिशाचं क्रोम यलो आता कुणी सहसा वापरत नाही. नव्या द्रव्यांतून केलेला हिरवा एलईडीखाली जुन्याशी तंतोतंत जुळतो आणि अंगणात नेला की वेगळा पडतो.

आणि मुद्दाम चुकीचा रंग दिलेलं मॉडेल? लायोनेल या अमेरिकी कंपनीने १९५७ मध्ये खास मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिन काढलं. मागे फिकट जांभळे, पिवळे, निळे डबे. ते पडून राहिलं. मुलींनाही खऱ्यासारखं दिसणारं काळंच इंजिन हवं होतं, असं तेव्हापासून सांगितलं जातं. काही दुकानदारांनी म्हणे ती गुलाबी इंजिनं काळी रंगवून खपवली. त्यामुळे मूळ गुलाबी दुर्मिळ झाली, किंमत चढली, आणि आता त्याच प्रकारची साधी काळी इंजिनं गुलाबी रंगवून विकणारे भामटे निघाले आहेत. जाणकार गिऱ्हाईक अतिनील दिवा सोबत ठेवतं. वेगवेगळ्या काळातले रंग त्या प्रकाशात वेगळे दिसतात. मग इंजिन उलटं करून स्क्रूच्या खाचेत आणि पत्र्याच्या कडेला खालून काळं डोकावतं का, ते बघतं आणि मगच पाकिटाला हात घालतं.