भाषांतर आणि अनुकूलन: वेदनेच्या एका प्रश्नावलीचा पोर्तुगीजपर्यंतचा प्रवास

आरोग्यविषयक प्रश्नावलीचे ‘भाषांतर’ आणि ‘अनुकूलन’ हे शब्द शोधनिबंधांत इतक्या सर्रास एकमेकांच्या जागी येतात की, उलट भाषांतर (म्हणजे भाषांतरित मजकूर पुन्हा मूळ भाषेत आणणे) मूळ इंग्रजीशी जुळले म्हणजे काम संपले, असा समज विद्यार्थ्यांमध्ये पक्का झाला आहे. भाषांतर सर्वांना ठाऊक आहेच. अनुकूलन म्हणजे नव्या भाषेतल्या रुग्णालाही प्रश्नावली मूळासारखीच कळेल अशी घडवणे; त्यात भाषांतर ही केवळ सुरुवात असते. प्रचलित पद्धतीनुसार दोन स्वतंत्र भाषांतरे, त्यांचा मेळ, उलट भाषांतर, तज्ज्ञांची छाननी आणि शेवटी ३० ते ४० जणांवर पूर्वचाचणी असा तो क्रम आहे. पोर्तुगीजच्या बाबतीत ब्राझील आणि पोर्तुगाल यांच्या बोलीतला फरक छाननीत सहज लक्षात येतो; खरी अडचण वेगळीच आहे.

वेदनेचे संशोधक लोरिमर मोझली यांनी २००३ मध्ये वापरलेली वेदनेच्या शरीरक्रियेवरील प्रश्नावली घ्या. मूळ १९ विधाने, २०१३ च्या सुधारित आवृत्तीत १२. प्रत्येकापुढे ‘बरोबर’, ‘चूक’ किंवा ‘निश्चित सांगता येत नाही’ अशी खूण करायची. ही प्रश्नावली किती दुखते हे विचारत नाही, दुखणे कसे घडते याचे ज्ञान तपासते. इजा झाल्यावर ‘वेदनेचा संदेश’ मेंदूकडे जातो, हे मूळ प्रश्नावलीतले विधान चूक. मज्जारज्जूतील मज्जातंतू ‘धोक्याचा संदेश’ नेतात, हे बरोबर; कारण वेदना मेंदूत घडते, मज्जातंतू फक्त धोका कळवतात. कानाला बरे वाटावे म्हणून भाषांतरकाराने ‘पेरिगु’च्या, म्हणजे धोक्याच्या, जागी ‘दोर’, म्हणजे वेदना, लिहिले तर उत्तरच उलटते. ही चूक उलट भाषांतरात निदान सापडते.

न सापडणारी चूक अधिक घातक असते. मज्जातंतू विश्रांत अवस्थेतील आपली उत्तेजना वाढवून जुळवून घेऊ शकतात, असे एक बरोबर विधान आहे. त्यासाठी पोर्तुगीजमध्ये ‘एसितासांव’ हा अगदी शब्दशः पर्याय आहे, आणि उलट भाषांतरात नेमका मूळ शब्द परत येतो. पण रोजच्या बोलण्यात त्या शब्दाला कामभावनेची छटा आहे, जशी आपल्याकडे ‘उत्तेजित’ला आहे. बिचकलेला रुग्ण ‘चूक’वर खूण करतो, आणि शब्दाचा दोष त्याच्या अज्ञानाच्या खात्यात जमा होतो.

यावर उपाय म्हणून कंसात स्पष्टीकरण जोडणे मला मुळीच मान्य नाही, कारण त्यातून उत्तर फुटते. शब्द समजला पाहिजे, पण विधान मूळाइतकेच अवघड राहिले पाहिजे.

म्हणून पूर्वचाचणीत ‘समजले का?’ एवढेच विचारणे व्यर्थ आहे. रुग्ण भिडेपोटी मान डोलावतो. ‘हे वाक्य तुमच्या शब्दांत सांगा’ असे म्हणावे, आणि कोणते विधान कुठे अडले, त्यातला कोणता शब्द का बदलला, हे शोधनिबंधात विधानवार लिहावे. ‘सर्वांना प्रश्न समजले’ या एका ओळीवर मी कोणतीही आवृत्ती अनुकूलित मानत नाही.