एकाच पावसात तीन ताप

जुलैत बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटीकडं रोप लावणीची धांदल उडते आणि त्याच सुमाराला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या केसपेपरांवर एकच तक्रार वाढू लागते: ताप, अंगदुखी, डोकं ठणकतंय. यात कुणाला डेंगी असतो, कुणाला उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या चिखलातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), तर कुणाला झुडपांतल्या बारीक किड्यांमुळं स्क्रब टायफस. पहिल्या दोन दिवसांत तिन्ही ताप सारखेच दिसतात.

साथी एकत्र आल्या की औषधांच्या आधी माणसं कमी पडतात. कांगोमध्ये २०१८ ते २०२० च्या इबोलानं सुमारे २,३०० जीव घेतले. सगळ्यांचं लक्ष तिकडं असताना गोवरानं ६,००० हून अधिक बळी घेतले, बहुतेक लहान मुलांचे. गोवराची लस जुनी आणि स्वस्त आहे, म्हणून हे जास्तच बोचतं. सिएरा लिओननं २०१४ च्या अखेरीस, इबोलाची साथ चालू असतानाच, घरोघर मलेरियाच्या गोळ्या वाटल्या. मलेरियाचे ताप घटले की इबोलाच्या संशयितांची गर्दीही घटते, हा त्यामागचा हिशेब.

आपल्याकडंही रोगागणिक वेगळी मोहीम नको, तापाची एकच तपासणी हवी. ताप कधी आला हे आधी विचारायचं: पहिल्या पाच दिवसांत डेंगीसाठी एनएस१ ही रक्ततपासणी, नंतर आयजीएम ही. काख, कंबर, जांघ नीट बघायची. विडीचा चटका बसावा तशी काळी खपली दिसली तर स्क्रब टायफसचा दाट संशय. त्यावर आणि लेप्टोवरही डॉक्सिसायक्लिन चालतं, तेही स्वस्तात. म्हणून संशय बळकट असेल तर डॉक्टर रिपोर्टसाठी थांबत नाहीत. डेंगीत मात्र आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन टाळायचं. ताप उतरल्यावर पोटात कळा, सतत उलट्या सुरू झाल्या तर लगेच दवाखाना गाठायचा.

आशाताईंच्या एकाच फेरीत तापाची चौकशी आणि हौदाची पाहणी दोन्ही व्हावं. डेंगीच्या डासाची अंडी पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटतात, कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जगतात. हौद नुसता रिकामा करून भागत नाही, आठवड्याला घासावा लागतो. जिथं नळाला चार-सहा दिवसांआड पाणी येतं तिथं ‘पाणी साठवू नका’ सांगणं निरर्थक आहे. तिथं घट्ट झाकण द्यावं.

कर्नाटक, महाराष्ट्र, गोव्याच्या या सीमेवर आणखी एक अडचण. चंदगडचा रुग्ण बेळगावात येतो, खानापूरचा गोव्याला जातो. रक्त एका राज्यात तपासलं जातं, डास दुसऱ्या राज्यातल्या हौदात असतात. रिपोर्ट त्याच दिवशी गावच्या आरोग्य केंद्रात पोचला तरच फवारणी योग्य गल्लीत होईल. तोवर केसपेपरवर राहतं गाव, तालुका आणि मोबाईल नंबर आग्रहानं लिहून घ्या.